चुकीची पुस्तकं

शोमोलूच्या छापखान्यांच्या गल्लीत सिफावूला सगळे ‘इया कुदी’ म्हणत, कुदीची आई. कुदी लग्न होऊन दुसऱ्या शहरी, इबादानला गेली, सिफावूचा नवरा वारला, आता घरात भात मापभर जरी शिजवला तरी उरायचा. म्हणून ती छापखान्यात लवकर यायची आणि सगळ्यांच्या शेवटी जायची.

काम फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या छापील पानांचे जुडगे, क्रमानं जुळवण्याचं. लांब टेबलावर घडी घातलेले फर्मे ओळीनं मांडलेले असत आणि पाचजणी टेबलाभोवती फिरत एकेक उचलून पुस्तक पुरं करत. कुणाचं चुकलं तर ते पुस्तक तिच्या नावानं खिळ्याला टांगायचं आणि शनिवारी तिनं सगळ्यांना पाव-घेवडा खाऊ घालायचा, ही तिथली रीत. सिफावूच्या पैशांचा घेवडा कुणी फारसा खाल्ला नव्हता.

मग यंत्र आलं. ते स्वतःच फर्मे उचलायचं. वरचा कॅमेरा प्रत्येक फर्मा बघायचा आणि चूक दिसली की यंत्र थांबायचं. पण चूक कशी असते, हे आधी त्याला शिकवावं लागणार होतं.

“इया कुदी, तुम्ही चुकीची पुस्तकं करा,” मालक लानरे म्हणाला.

“चुकीची?”

“एखादा फर्मा उलटा, एखादा दोनदा, एखादा गाळून. जितक्या चुका बघेल तितकं ते शहाणं होईल.”

“आणि मग आम्ही?”

“यंत्रापाशी एक बाई तर लागेलच की.”

ते वाक्य सिफावूनं घट्ट धरून ठेवलं. कामाला बसली, पण हात ऐकेनात. तिसरा फर्मा मुद्दाम उलटा ठेवला, तर पुस्तक पुरं होईतो बोटांनी तो आपसूक सुलटा केलेला.

सेकिनात, पाचजणींतली सगळ्यांत लहान, हसून लोळायची बाकी राहिली. “अगं, नवऱ्याच्या रश्शात मुद्दाम जास्त मीठ टाकतेयस असं समज!”

“माझा नवरा खारटही मुकाट्यानं खायचा. म्हणून तर लवकर गेला.”

हळूहळू जमलं. दोन फर्म्यांच्या पहिल्या पानावर सारखंच बकरीचं चित्र होतं. तिनं त्यांची अदलाबदल केली. यंत्रानं ते पुस्तक खुशाल पुढे जाऊ दिलं. सिफावूला आधी बरं वाटलं, मग धडकीच भरली. आपण नीट शिकवत नाही असं मालकाला वाटलं तर? तिनं तसलीच आणखी ढीगभर पुस्तकं केली. दुसऱ्या दिवशी यंत्र बकरीपाशी बरोबर थांबलं.

“स्वतःचे डोळे काढून देतेयस तू त्याला,” सेकिनात म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

“देते. नाहीतर माझी जागा तुला देऊ?”

शनिवारी लानरेनं सगळ्यांना बोलावलं. यंत्रानं एकूण एक चूक धरली होती. तो वडीलधाऱ्या सिफावूपुढे नेहमीसारखा आदरानं वाकला, पण नजर वर केली नाही.

“इया कुदी, बघायला आता माणूस नको. गठ्ठे उचलून यंत्रात भरायला कुणीतरी हवं. त्याला पाठ तरुण लागते.” आणि तो सेकिनातकडे वळला.

बाकीच्या तिघी आपापले डबे उचलून निघाल्या. सेकिनात जागची हलली नाही. सिफावू मात्र कोपऱ्यातल्या चुकीच्या पुस्तकांच्या ढिगाशी जाऊन बसली. शिलाई झालेली नव्हती, नुसती दोऱ्यानं बांधलेली होती. एकेकाचा दोरा सोडून ती फर्मे सुलटे करू लागली.

“राहू द्या, इया कुदी. ती रद्दीतच जायचीत,” लानरे म्हणाला.

“पहिलीची पुस्तकं आहेत. रद्दीत कशी घालता?”

“त्याची मजुरी नाही निघायची.”

“मागितलीय कुणी?”

तो कचेरीत गेला. सेकिनात समोर येऊन बसली आणि तिनंही एक गठ्ठा ओढला. सेकिनातनं पुरं केलेलं पुस्तक सिफावूनं सवयीनं हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि परत तिच्यापुढे ठेवलं.

“शेवटचा फर्मा उलटा आहे.”

सेकिनातनं तो सुलटा केला. मग कमरेच्या कापडाच्या टोकानं डोळे पुसत म्हणाली, “मला ती जागा नको होती गं.”

“घे. तुझी पोरं लहान आहेत,” सिफावू म्हणाली आणि पुढचा दोरा सोडायला लागली.