मागे नेलेली तारीख

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, नाशिकच्या थोरल्या भावालाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे, ते मलाही नीटसे उमगत नाही — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही, एवढेच कारण असेल.

मसाटच्या एका सूत कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो. सेन्सर धाग्याचा ताण मोजतात, आमचा प्रोग्रॅम ते आकडे घेतो आणि त्यांवरून मालाची प्रत ठरवतो. हा प्रोग्रॅम पायथन या संगणकभाषेत होता. तो रेखाताई लिहीत. सेन्सरचे आकडे वाचण्याइतका वेग मात्र पायथनला नव्हता, म्हणून तेवढा भाग मी सी भाषेत लिहून, कंपाइल करून, म्हणजे थेट यंत्राच्या भाषेत उतरवून, जोडला होता. कंपाइल झालेली फाईल उघडली तरी आत काय लिहिले आहे ते वाचता येत नाही. मूळ मजकूर माझ्याजवळच असे. तशी आमच्याकडे पद्धतच होती — आणि ती मला आवडत असे. का आवडत असे? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला.

रेखाताई जळगावकडच्या. पॅकिंगच्या नोंदी करता करता, चाळिशीत, स्वतःच्या जिद्दीवर प्रोग्रॅमिंग शिकलेल्या. पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हा अख्ख्या खात्याला जिलेबी वाटत त्या म्हणाल्या होत्या, "सर, आता खुर्ची सांभाळा बरं तुमची." मी हसलो होतो. सगळ्यांबरोबर हसलो — पण जिलेबी खाल्ली नाही, हे मला अजून आठवते.

सात वर्षांपूर्वी त्यांनी प्रोग्रॅम सुधारला. एकेक आकडा मागण्याऐवजी सगळे एकदम मागायचे. विचार अचूक होता. आठवड्याभरात सुरतेच्या गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. सैल धाग्यावर पहिल्या प्रतीचा शिक्का बसला होता.

मी त्यांचा प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि माझा सी भाषेतला भाग एकटाच चालवून पाहिला. तोच आकडा हजारो वेळा मागितला. मधूनच दुसऱ्याच धाग्याचा आकडा येऊ लागला. कोणते मूल्य अजून वापरात आहे, याची मोजणी पायथन स्वतः ठेवतो; सी भाषेत ती लिहिणाऱ्याने ठेवायची असते. एका ठिकाणी ती वाढवायची माझ्याकडून राहिली होती. वापरातले मूल्य टाकाऊ ठरत होते आणि त्याच्या जागी भलतेच येऊन बसत होते. एक ओळ. दोन वर्षे ती उणीव दडून होती. रेखाताईंच्या सुधारणेने ती फक्त उघडी पडली.

ती ओळ मी घातली. पुन्हा कंपाइल केले. आणि मग, शेवटचा बदल कधी झाला ते सांगणारी त्या फाईलवरची तारीख मी दोन वर्षे मागे नेली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या केबिनमध्ये तीच तारीख मी सर्वांना दाखवली. आवाज चढवला नाही. म्हणालो, "माझ्या बाजूला दोन वर्षांत काहीही बदललेले नाही." मॅनेजर रेखाताईंकडे वळले. "काय रेखाबेन, जिलेबी फार लवकर वाटली का?" कुणीतरी हसले. त्या मान खाली घालून स्वतःच्याच कोडचे कागद चाळत राहिल्या. संध्याकाळपर्यंत त्यांना पॅकिंगमध्ये परत पाठवल्याचा निरोप आला.

भीतीपोटी माणूस खोटे बोलतो, हे तुम्हाला समजेल. पुढचे मात्र भीतीने घडले नाही.

त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "सर, जे झालं ते झालं. पण माझं चुकलं कुठं, ते तरी दाखवा. दोन दिस झाले, शोधून राहिले, सापडत नाही." तेव्हा सांगता आले नसते का? खोलीत आम्ही दोघेच होतो. मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलो, त्यांच्या निर्दोष कोडमधल्या एका ओळीवर बोट ठेवले आणि अर्धा तास, अतिशय शांतपणे, नसलेली चूक समजावून सांगितली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली. आभार मानले. महिन्याभरात त्यांनी कारखानाच सोडला.

गेल्या वर्षी कारखान्याने जवळच्याच रांधा गावातल्या एका शाळेला दोन जुने संगणक दिले. पोच घ्यायला मी गेलो. कार्यालयात रेखाताई होत्या — लिपिक म्हणून. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. पोच हाताने लिहिली, पुन्हा वाचली, बोट फिरवत तिसऱ्यांदा वाचली, मग शेजारच्या बाईंपुढे सरकवली. "एकदा तुम्ही बघा हो." त्या बाई मला म्हणाल्या, "असंच असतं यांचं. संगणकाला तर हातच लावत नाहीत."

रेखाताई ओशाळून हसल्या. "सरांना ठाऊक आहे ना," म्हणाल्या, "माझ्या हातून कसं होतं ते. तेव्हा सरांनीच तर दाखवून दिलं होतं."

मी मान हलवली. होकारार्थी. पोच घेतली, चहा संपवला आणि निघालो.