देव्हाऱ्यामागची बाटली

साखरबाईंच्या घरात तेलाच्या बरणीला टिकली लावलेली असायची. कपाळावरची जुनी झालेली टिकली, तेल जिथवर असेल तिथं बाहेरून चिकटवायची आणि सकाळी उठून बघायचं. तेल हिशेबापेक्षा खाली गेलेलं दिसलं की त्या घरातल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहायच्या. जालन्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या बोईसरला आल्या, नवरा बन्सी तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात लागला, आणि पहिल्याच वर्षी चाळीतल्या कुणीतरी त्यांचा रॉकेलचा डबा निम्मा केला. कोण ते आजवर कळलं नाही. न कळल्यामुळे सगळेच चोर ठरले.

चाळीतल्या बायका चेष्टेनं म्हणत, "साखरबाई, देवाच्या निरांजनालाबी टिकली लावा की."

"तिथं नाही लागत," साखरबाई म्हणत. "तिथं तो स्वतः बसलाय."

यंदा संक्रांत झाल्यावर बन्सीला ताप आला. ताप गेला, पण खोकला घरजावयासारखा मुक्काम ठोकून राहिला. कोरडा, बरगड्या दुखवणारा. गवती चहा झाला, हळद-दूध झालं, शेवटी पालघरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. वाईट काही निघालं नाही. मग त्यांनी एक पातळ औषध लिहून दिलं आणि खुर्ची पुढे ओढून सांगायला बसल्या.

"हे साधं खोकल्याचं औषध नाही. अफूच्या जातीचं आहे. खोकला दाबतं, पण गुंगीही आणतं. बाटलीबरोबर माप येतं, त्याच मापानं द्या, चमच्यानं नको. झोपताना द्यायचं, लिहिलंय तेवढेच दिवस. ताडी, दारू, झोपेची गोळी यांच्याबरोबर अजिबात नाही. आणि घरात दुसऱ्या कुणाला खोकला आला तरी यातलं द्यायचं नाही. त्याला माझ्याकडे आणा."

साखरबाईंच्या कानात एकच शब्द अडकला. अफू. पुढचं सगळं त्या शब्दामागं पुसट झालं.

औषधाच्या दुकानातल्या कमलाकांतनं चिठ्ठी उलटसुलट पाहिली, पेशंटचं नाव-वय विचारलं, साखरबाईंकडे एकवार नीट बघितलं आणि मगच बाटली काढली. "मावशी, कुलपात ठेवा. पोरं नशेसाठी पळवतात हे."

साखरबाई रस्ताभर धुमसत आल्या. "मलाच वर-खाली बघत होता मेला. मी काय नशा करणारी दिसते का हो?"

"मी दिसतो का?" बन्सी खोकत म्हणाला.

बन्सी तरुणपणी ताडी प्यायचा. माळ घातल्यावर सोडली म्हणतो. म्हणतो.

आता बाटली ठेवायची कुठं? कपाटाला कुलूप होतं, पण एक किल्ली मुलाकडे, मनीषकडे असायची. मनीष ती कुठंही टाकायचा. साखरबाईंनी विचार केला आणि बाटली देव्हाऱ्यात, देवीच्या तसबिरीमागं ठेवली. त्या घरात अंघोळीशिवाय देव्हाऱ्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मनीष तर लांबूनच हात जोडून कामावर पळायचा. आणि सून दीपिका बाळंतीण. सव्वा महिना व्हायचा होता, तोवर बाळंतिणीनं देवाकडे फिरकायचंही नाही. म्हणजे बाटलीला देवाचा पहारा. त्यावर साखरबाईंनी आपली टिकलीही लावली, तो भाग निराळा.

दीपिका वाणगावच्या आतल्या पाड्यातली. मनीषनं स्वतःच जमवलेलं लग्न. साखरबाईंनी विरोध केला नाही, पण सुनेची पेटी पहिल्या दिवशी बघून घेतली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दीपिकाची आई नवसी आणि बाप देवू दिवाळीनंतर वसईकडे वीटभट्टीवर गेलेले. पावसाच्या तोंडावर परतायचे. भट्टीवरच्या झोपडीत बाळंतपण कसं करायचं? म्हणून ते साखरबाईंच्या गळ्यात पडलं, आणि त्यांनी ते आपल्या गावच्या रीतीनं, काडीचीही कसूर न ठेवता केलं. डिंकाचे लाडू, तेलाचं मालिश, कानाला फडकं, बंद खिडकी, आणि खाटेखाली दोन्ही वेळा शेगडीवर ओवा-शेपाची धुरी. धुरानं दीपिकाला ठसका लागायचा.

"आई, धूर नको ना. घसा फाटतो हाय."

"बाहेरचं वारं लागलं की मग कळंल. गप पड. आणि खोकू नको, टाके तुटतील."

दीपिका पदर तोंडात कोंबून खोकायची.

चारेक दिवस गेले. साखरबाई बन्सीला रोज रात्री स्वतः माप भरून पाजायच्या आणि टिकली खाली सरकवायच्या. एका सकाळी बघतात तर औषध टिकलीच्या खाली. थोडंसंच, पण खाली. त्यांनी बन्सीला गाठलं.

"तोंड उघडा."

"कशाला?"

"उघडा म्हणते ना."

बन्सीनं तोंड उघडलं. साखरबाईंनी नाक जवळ नेऊन वास घेतला. नुसत्या चहाचा.

"अगं, मला एवढी गुंगी येती त्यानं, सकाळी चप्पल सापडत नाही," बन्सी म्हणाला. "वर आणखी चोरून पिऊ व्हय? आणि देवाच्या मागून?"

हे पटण्यासारखं होतं. बन्सी देवाला भीत होता. मग कोण?

आदल्या रविवारी दीपिकाचा भाऊ मिथुन आला होता. वर्कशॉपमध्ये काम करणारा, केसांना लाल रंग लावलेला. तो बरोबर देव्हाऱ्याखालीच बसला होता. भाचा मांडीवर घेऊन डोलत होता, आणि जाताना त्याचे डोळे लाल होते. साखरबाईंना सगळं जुळल्यासारखं झालं. पुढच्या वेळी तो दारात आला तशा त्या उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"खिसे दाखव."

"काय झाला, मावशी?"

"देव्हाऱ्यातलं औषध कमी झालंय. तुम्हा पोरांना कशाला लागतं ते मला कळतं."

मिथुननं दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. मोबाइल, कंपनीचं कार्ड, भाच्यासाठी आणलेला खुळखुळा. खुळखुळा त्यानं उंबऱ्यावर ठेवला आणि आत न येता वळला. जाताना एवढंच म्हणाला, "तुमच्या देवाला मी हात नाय लावला. आमचे देव आमाला पुरं."

आत दीपिका खाटेवर बसली होती. तिनं सगळं ऐकलं. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. साखरबाईंना वाटलं, भावाची चोरी उघडी पडली म्हणून पोरगी गप्प बसली. चोर सापडला म्हणून त्यांनी बाटलीवरची टिकली बघणं आणि सरकवणंही सोडून दिलं.

या सगळ्यात बाळ मात्र शहाण्यासारखं झोपायचं. बारशाला स्वराज नाव ठेवलेलं. आधी दर थोड्या वेळानं टाहो फोडून चाळ डोक्यावर घेणारं पोर, पण हल्ली कसं निवांत. शेजारची म्हणाली, "साखरबाई, नातू लई गुणी निघाला तुमचा. आवाज नाही."

साखरबाईंना आधी बरं वाटलं. मग त्या वाक्यानं त्यांना पोखरायला सुरुवात केली. त्यांनी स्वतःची तीन बाळंतपणं काढलेली, जावांची, नणंदेची बघितलेली. एवढं गुणी पोर त्यांनी कुठंच बघितलं नव्हतं. आणि न मागता मिळालेल्या चांगल्या गोष्टीवर त्यांचा जन्मात विश्वास बसला नव्हता.

दुपारी त्या खोलीत गेल्या. दीपिका भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगत होती. बाळ अंगावर होतं, पण ओढत नव्हतं. तोंडातून दूध ओघळून गालावर आलेलं. साखरबाईंनी त्याच्या तळपायावर टिचकी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली, जोरात. बाळानं डोळे किलकिले केले आणि मिटले. त्यांनी त्याच्या छातीवर नजर लावली. छाती वर आली, खाली गेली. मग काहीच नाही. साखरबाईंच्या तोंडातून देवीचं नाव निघालं. तेव्हा कुठं छाती पुन्हा हलली.

"दीपिका! ऊठ! पोर किती वेळ झाला असं?"

"झोपला हाय, आई." तिची जीभ जड होती.

साखरबाई वाकल्या, आणि जसा नवऱ्याच्या तोंडाचा घेतला होता तसा सुनेच्या तोंडाचा वास घेतला. गोडसर, औषधी. रोज रात्री माप भरताना येणारा.

"तू?"

दीपिका रडायला लागली. "बाबांचा खोकला थांबला ना त्याच्यानं. मला धुरानं नीजच येत नव्हती. खोकले की टाके दुखायचे, तुमी ओरडायच्या. झाकणानं घेतला, दोनदा-तीनदा दिवसाला. वरनं मी पाणी नाय घातला, लपवाछपवी नको म्हणून."

"मागितलं का नाहीस?"

"तुमी टिकली लावली ना," दीपिका म्हणाली. "टिकली लावल्यावर कोण मागंल?"

साखरबाईंना आता डॉक्टरीणबाईंचं ते पुसट झालेलं बोलणं लख्ख आठवलं. दुसऱ्या कुणाला नाही. आणि जे आईच्या पोटात जातं ते दुधात उतरतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. म्हणूनच तर त्या सुनेला वांगं खाऊ देत नव्हत्या. वांग्यावर पहारा ठेवला आणि अफू मोकळी सोडली होती. चोराला देवाची भीती असते, एवढंच त्यांनी धरलं होतं. खोकल्यानं जीव नको झालेल्या बाळंतिणीला कशाची भीती उरते, हे धरलं नव्हतं. आणि देवाला तर त्यांनी कुलपाचं काम लावलं होतं.

त्यांनी बाटली मुठीत धरली, बाळ पदरात घेतलं, चाळीतल्याच कमलेशची रिक्षा हाकारली. वाटेत त्या बाळाला झोपू देत नव्हत्या. गाल चोळ, पाय चोळ, नाव घेऊन हाका मार. दीपिका शेजारी बसून एकच विचारत होती, "श्वास घेतो हाय ना?" आणि साखरबाई दरवेळी खात्री करूनच "घेतोय" म्हणत होत्या.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी बाळाच्या नाकाशी नळी लावली, बोटाला यंत्र अडकवलं, आणि काय झालं म्हणून विचारलं. साखरबाईंनी बाटली टेबलावर ठेवली.

"यातलं हिनं घेतलंय. पोर अंगावर पितंय. ही टिकली परवाची. इथपासून इथपर्यंत नवऱ्याला मी पाजलंय, खालचं हिच्या पोटात."

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि मान हलवली. "बाटली आणलीत हे फार बरं केलंत. काहींच्या शरीरात या औषधाचं फार लवकर जहाल रूप होतं आणि ते दुधातून बाळाला जातं. एवढ्याशा जिवाचा श्वासच मंद होतो. आता आम्ही सांगेपर्यंत दूध पाजू नका, पिळून टाका. बाळाला आम्ही वरचं देऊ. आणि बाई, तुमच्या खोकल्याला मी दुसरं काही देईन. तो कशानं येतो?"

दीपिकानं सासूकडे बघितलं.

"माझ्या धुरीनं," साखरबाई म्हणाल्या.

बाळाला गुंगी उतरवायची सुई दिली आणि काचेच्या पेटीत नजरेखाली ठेवलं. मनीष कामावरून तसाच धावत आला. साखरबाई बाकावरून उठल्या नाहीत. यंत्रावरचे आकडे त्यांना कळत नव्हते, म्हणून त्यांचा यंत्रावर विश्वास नव्हता. त्या काचेतून छातीच बघत राहिल्या. नर्सनं दोनदा घरी जायला सांगितलं. "तुम्ही बघता हो, पण तुम्हाला दहा पोरं," त्या म्हणाल्या. "मला एकच."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत काहीतरी किरकिरलं. मग त्याचा टाहो झाला, असा की शेजारच्या पेटीतलं पोर दचकून रडू लागलं. बाटलीतलं दूध त्यानं चोखून संपवलं आणि आणखी मागत राहिला. डॉक्टर म्हणाले, आता काळजी उतरली. साखरबाईंनी तरी नर्सकडून दुसऱ्यांदा तेच वदवून घेतलं.

तेवढ्यात नवसी आली. मिथुननं फोन केला होता. भट्टीवरून तशीच निघालेली, पायांना लाल माती, डोळे रात्रभराचे. नातवाला काचेतून बघितलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि विहिणीसमोर येऊन उभी राहिली. मागं मिथुन, मान फिरवून.

"त्या शिशीतला माझ्या पोरीला कोणी दिला?"

"आय, मीच घेतला..." दीपिका उठायला लागली.

"तू बस," साखरबाई म्हणाल्या. "विहीणबाई, तिनं घेतलं. पण मागून घ्यायची सोय मी ठेवली नव्हती. तिचा खोकला मी ऐकला आणि दाबायला सांगितला. आणि तुमच्या या पोराचे खिसे मी दारात उलटे केले. त्यानं काही केलं नव्हतं." मिथुनकडे बघून त्या थांबल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. "तू त्या दिवशी चहा न घेता गेलास," एवढंच त्यांना सुचलं.



नवसीनं साखरबाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. औषधाच्या दुकानात कमलाकांतनं बघितलं होतं त्याहून कितीतरी सावकाश. "पोरीला ना पोराला मी नेते," ती म्हणाली. "माझा तुमच्यावर भरवसा नाय."

साखरबाईंनी काचेतून नातवाकडे बघितलं.

"भट्टीवर कुठं ठेवशील त्याला, आय?" दीपिका म्हणाली. "दवाखाना इथं हाय. डॉक्टरनं परत बोलवला हाय. आमी इथंच ऱ्हातो." मग ती सासूकडे वळली, जरा चाचरत, पण डोळ्याला डोळा देऊन. "पण मला काय दुखला तर मी ओरडून सांगणार, आई."

"सांग," साखरबाई म्हणाल्या. "चाळीला ऐकू जाईल असं सांग."

नवसीचा चेहरा सैल झाला नाही. "मी येन बघाया. कवा पण येन."

"या," साखरबाई म्हणाल्या. "न सांगता या."