बिनतोफेची गाडी

विल्सन गेल्याचं त्याच्या बायकोने, रीटाने, फोनवर सांगितलं तेव्हा मेलबर्नमध्ये लॉकडाऊन चालूच होता. तो डँडेनॉन्गला, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, म्हणून तो मी लॅपटॉपवर पाहिला. इतक्या वर्षांचा मित्र आणि त्याला खांदाही देता आला नाही, याचं दुःख आठवडे उलटले तरी जात नाही…

आमची ओळख अ‍ॅडलेडची, मॉसन लेक्सच्या कॅम्पसमधली. तो वसईचा, मी पुण्याचा. मी आमटी बिघडवायचो, तो ती निमूटपणे खात रणगाड्यांच्या गोष्टी सांगायचा. पुढे चांगली नोकरी लागली तरी चिमुकले रणगाडे करायचा नाद सुटला नाही. रविवारी चर्चमधून आला की स्वारी टेबलाशी. आजारपणात त्याने दुसऱ्या महायुद्धातली एक जपानी गाडी करायला घेतली. चिलखती, पण तोफखान्यासाठी टेहळणी करणारी. तयार किट मिळेना, म्हणून जुन्या फोटोंवरून प्लास्टिकचे तुकडे कापत बसायचा. एवढा खटाटोप करून गाडी बिनतोफेचीच, असं मी चिडवलं.

"म्हणून तर आवडते, मेट," तो म्हणाला. "हिने फक्त पुढे जायचं, बघायचं आणि मागच्यांना सांगायचं."

उपचारांमुळे त्याचे हात थरथरू लागले, नजरही अंधूक झाली. घरच्यांशिवाय कुणी जवळ जायचं नव्हतं. मग दुपारी तो फोन गाडीसमोर उभा करायचा आणि मी स्क्रीनवर बघून सांगायचो, जरा डावीकडे, आता वर, बस. एकदा दुर्बीण भलत्याच बाजूला चिकटली. कॅमेरा समोरून, त्यामुळे माझी डावी ती त्याची उजवी! विल्सन खोकला येईपर्यंत हसला. अभय, तुझ्या भरवशावर आपल्याच लोकांवर गोळे पडले असते, म्हणाला. शेवटी फक्त आतला टेहळ्या बसवायचा राहिला. तो त्याने मुद्दाम ठेवला, लॉकडाऊन उठला की मी येऊन बसवावा म्हणून. मला त्या दिवसाची केवढी आस होती…

लॉकडाऊन उठल्यावर गेलो. रीटाने गाडी आणि तो बोटाच्या पेराएवढा माणूस पुढ्यात ठेवला. दुर्बीण पुढे, आणि याची मान मात्र मागे वळलेली. इतक्या काटेकोर माणसाच्या हातून असं कसं झालं, मी रीटाला विचारलं.

"मीपण विचारलं होतं," ती म्हणाली. "तर म्हणाला, अभय निघाला का, ते बघतोय."