भिवाकाकाचे सरकारी बूट

माझा चुलता भिवा म्हात्रे म्हणजे आंबिवलीपासून शहाडपर्यंत गाजलेला हट्टी माणूस. कमरेला लाकडी आकडी आणि आकडीत कोयता, हे कायमचं. हळद लागली तेव्हाही कोयता कमरेलाच होता म्हणतात, आणि आवडाकाकूला विचारलं तर ती नाही म्हणत नाही.

१९५३ साली हा माणूस नेमका अशा ठिकाणी झाडलोटीच्या नोकरीला लागला, जिथे लोखंडाला बंदी. आंबिवली स्टेशनापासून दोन तास चाललं की माळावर एक सरकारी वेधशाळा होती. तिथल्या अंधाऱ्या खोलीत टांगलेली सुई पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची आणि जवळ लोखंड आलं की उड्या मारायची. म्हणून कोयता फाटकाबाहेरच्या जांभळीला टांगायचा. चपलांना खिळे, म्हणून त्याही बाहेर. आत गवत कमरेएवढं, आणि माणसं अनवाणी. त्या पावसाळ्यात काकाचा जोडीदार गोविंदा याला फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलं. जगला बिचारा, पण पाय सुजून उखळ झाला.

काकाने रबरी बुटांसाठी अर्ज केला. वेधशाळेचे कारखानीस साहेब मूळचे कोपरीचे. सुईवर पोटच्या पोरीसारखी माया करायचे. ते म्हणाले, "अर्ज वर पाठवलाय, म्हात्रे. विचार चालू आहे."

"साहेब, फुरसं विचार करत नाय."

वरून उत्तर येईना, तेव्हा काकाने संप केला. चार माणसांचा संप, पण कल्याणहून लाल फडकं आणलं होतं. आठवडाभर सगळे घरी बसले. मग काका रुबाबात साहेबांकडे गेला, तर साहेब भलतेच खुशीत!

"म्हात्रे, सुई इतकी स्थिर कधीच नव्हती रे! आजूबाजूला कुणी फिरकत नाही, धक्का नाही, आवाज नाही. अजून आठवडाभर राहा की घरी!"

काका आल्या पावली घरी परतला. आपल्या संपाने साहेबाचंच काम सुधारावं, यापरता अपमान तो कोणता?

घरी आवडाकाकूने तोडगा काढला. "घरी बसून भागत नाय ना? मंग कामाव जा. पन कोयता घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी काका वेळेवर हजर. कमरेला कोयता लावून खोलीभोवती इमानाने झाडत फिरला. आत सुईचा थयथयाट. साहेब कपाळ धरून बाहेर आले. "अरे, दया कर!"

"मी कामाव हाय, साहेब. संप कवाच संपला."

साहेबांनी वर निकड लावली आणि बूट आले एकदाचे! पण महायुद्धानंतर कल्याणच्या लष्करी छावणीतून लिलावात निघालेले, तळाला मूठमूठभर लोखंडी खिळे. ते पाहून साहेब सुईच्या खोलीचं दार लावायला धावले. काकाने मात्र कोयता जांभळीला टांगला, बूट चढवले आणि खाडखाड करत आत गेला. सरकारी आवारात सरकारी बूट, अडवणार कोण?

साहेब माणूस सच्चा. सुईने उडी मारली की नोंदीत कारण लिहायचा नियम होता. त्यांनी लिहिलं, 'बूट'. सकाळी बूट, संध्याकाळी बूट. नोंदी वर गेल्या मात्र, तारच आली. माणसाचा पाय सुजला तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. सुई हलली तशी अख्खी कचेरी हलली. मला आजही याचा संताप येतो. पण रबरी बूट आले, चौघांनाही. गोविंदा तर ते पहिल्या रात्री उशाशी घेऊन झोपला.

काकाने नवे बूट घालून खोलीला ऐटीत फेरी मारली आणि दारात जाऊन उभा राहिला. साहेब सुईकडे डोळे लावून बसलेले. बऱ्याच वेळाने वळले आणि दचकले. "म्हात्रे, तू कधी आलास? कळलंच नाही!"

काकाचा चेहरा पडला. "येवढ्यासाठी भांडलो काय मी, साहेब?"

दुसऱ्या दिवसापासून तो फाटकातूनच मोठ्याने खोकायला लागला. आतून साहेबांनी "आलास का रे, म्हात्रे?" म्हटल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचा नाही.