लगाम नसलेला घोडा

माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण एका लगामामुळे कोसळलं.

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जिथे पेन न्यायला बंदी आहे त्या खोलीत, मी चार हिवाळे एकाच जुन्या कादंबरीची चित्रं बघत होते. अठराव्या शतकात तिचे अनुवाद निघाले तेव्हा प्रकाशकांनी फ्रेंच आवृत्तीतली चित्रं बघून नवी कोरून घेतली. तांब्याच्या पत्र्यावर समोर दिसतं तसंच कोरलं, की छापताना ते उलटं उमटतं. म्हणून इंग्रजी आवृत्तीत घोड्यावरच्या नायकाचा भाला डाव्या हातात गेला, तो डावखुरा झाला. जर्मन आवृत्तीत मात्र भाला पुन्हा उजव्या हातात. त्यावरून मी ठासून लिहिलं होतं, की जर्मन कारागिराने मूळ फ्रेंच चित्रावरूनच काम केलं, तेही काळजीपूर्वक, आधी उलटं कोरून. मे महिन्यात पदवी मिळायची होती. आईने समारंभासाठी साडी घेऊन ठेवली होती.

फेब्रुवारीत तिन्ही चित्रं शेजारी मांडली. फ्रेंच चित्रात नायकाच्या मुठीत लगाम आहे. इंग्रजीत तो कोरायचा राहून गेलाय. जर्मनमध्येही नाही.

हे मला ओळखीचं होतं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स चालायची. एकदा पानाची खालची ओळ कापली गेली, तर अख्ख्या वर्गाने पेपरात तेच अर्धं वाक्य लिहिलं. मीसुद्धा. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी अशी झाले, आणि त्याची मला लाज नाही. जर्मन कारागिरानेही इंग्रजीवरूनच उतरवलं होतं. उलट्याचं उलटं, म्हणून सुलटं.

माझी रूममेट नागपूरची, इंजिनिअर. म्हणाली, "अगं, तुझ्या कमिटीला घोडा दिसेल, लगाम कोण बघतंय? सबमिट कर यार."

"मला दिसला ना."

"मग बस आणखी एक हिवाळा."

बूटसुद्धा न काढता मी पलंगावर पडून राहिले. सकाळी गाईडबाईंना खरं काय ते कळवलं, मग घरी फोन लावला.

"आई, मेमध्ये नाही होत."

"नापास झालीस?"

"नाही गं. चूक सापडली."

"कोणी काढली?"

"मीच."

ती म्हणाली, "साडीची घडी नाही मोडलेली अजून, राहील. पण गल्लीभर सांगून बसलेय मी. आता काय सांगू?"

"सांग, अजून अभ्यास आहे."

"तो तर केव्हाचाच आहे," आई म्हणाली.