थप्पीमागचं पोतं

गेनबा आमच्या टोळीत सगळ्यांत हळू होता. पण त्याने लावलेली थप्पी कधी ढासळली नाही.

मार्केट यार्डात, कांदा-बटाटा विभागात, मी त्याच्याबरोबर पोती वाहिली. गोण्या एकावर एक रचून जी भिंत उभी राहते तिला आम्ही थप्पी म्हणतो. तरणे हमाल वरचे थर लावायला धावत, कारण तिथे बघणारे असतात. गेनबा खालचा थर धरायचा. एखादी गोणी कलती दिसली की पुन्हा उचलायला लावायचा. "पाठ तुझी हाय, पण थप्पी समद्यांची हाय," म्हणायचा. त्यामुळे त्याच्याशी कुणाचं फार जमलं नाही.

कोणती गाडी कुणी खाली करायची, कुणाला हलकं काम द्यायचं, हे टोळीचा मुकादम ठरवतो. दर दसऱ्याला टोळी मुकादमावर मत द्यायची. प्रत्येकाने एक कांदा आणि एक बटाटा घेऊन एकट्याने थप्पीमागे जायचं. तिथे दोन पोती असत, एक मोजायचं आणि एक उरल्याचं. मुकादम ठेवायचा असेल तर मोजायच्या पोत्यात कांदा टाकायचा, बदलायचा असेल तर बटाटा. हातात उरेल ते दुसऱ्या पोत्यात. मोजणी झाली की सगळं एका पातेल्यात जायचं आणि जेवायला त्याचाच रस्सा असायचा. कुणाचं मत कुणाच्या ताटात गेलं, कळायचं नाही.

मालनबाईला मत नव्हतं. ती फाटकी पोती दाभणाने शिवायची, सांडलेला माल झाडून वेचायची. तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा गेनबाच म्हणाला होता, "उचलतो त्याचं मत."

"मुकादम मलाबी राबवतोच की."

"राबवतो. पर तू पाठीवर घेत न्हाईस."

हा नियम कुणी केला ते कुणालाच माहीत नव्हतं. राखत मात्र गेनबा होता.

विक्रम मुकादम झाला तो करोनानंतर. माणूस कामाचा. बंद पडलेल्या संडासाला त्याने पाणी आणलं, उन्हात उभं राहावं लागायचं तिथे पत्रा टाकून घेतला. बोलायला लागला की अंगावरचं ओझं विसरायला व्हायचं. पण दुसऱ्या वर्षी हलकं काम त्याला हसून दाद देणाऱ्यांकडे जाऊ लागलं. गेनबाचे गुडघे तोवर संपले होते. त्याला सुतळ्या बांधायचं, गोण्या मोजून लावायचं काम मिळालं तरच तो टिकणार होता. ते विक्रमच्या हातात होतं.

त्या दसऱ्याला वजनकाट्याला झेंडूची माळ घातली होती. हार घालून घेऊन विक्रम काट्यावरच उभा राहिला.

"भावाभावांत पडदा कशाला? ज्याला विक्रम नको असेल त्याने समोर येऊन सांगावं. मी रागावणार नाही!"

सगळे हसले.

"मग करा हात वर!"

हात वर झाले. गाळ्याचे मालक पुष्करशेठ खुर्चीवरून म्हणाले, "छान. अर्धा दिवस वाचला." शेठ परदेशात शिकून आलेले. हमालांनी मतदान करायचं, याचं त्यांना दरवर्षी हसू यायचं.

गेनबा थप्पीमागे दोन पोती मांडत होता.

"नाना, हात दुखतोय का?" विक्रमने गेनबाला विचारलं.

"हात बरा हाय. मान दुखती."

"मान?"

"हात वर करताना समद्यांची शेजाऱ्याकडं वळती. ते बघून."

शेठ म्हणाले, "अहो गेनबा, ज्याचा आवाज मोठा त्याच्यामागे हे जाणार. लोक चुकतात. मी तर म्हणतो, मुकादम मीच नेमतो."

"चुकत्यात की शेठ. म्हणून तर दर साली इचारायचं."

"लोक चुकत नाहीत!" विक्रम ओरडला. शिट्ट्या वाजल्या.

"मग मोजायला काय भ्यायचं?" असं म्हणून गेनबा कांदा-बटाटा घेऊन आत गेला. बाहेर येऊन गोणीवर बसला.

दुसरं कुणी उठेना. विक्रम काट्यावरून उतरला. "मोजा आता. एकच मत आहे. नानांच्या पोटात काय आहे ते तरी बघू."

तेव्हा मला कळलं. गुपित एकट्याला ठेवता येत नाही. दुसरे आत गेले तरच ते झाकलं जातं. पोत्यात बटाटा निघाला असता तर गेनबाचं हलकं काम उद्यापासून बंद झालं असतं.

मालनबाईने दाभण खाली ठेवलं. "गेनबाभाऊ, आणखी एक पडलं तर तुमचं झाकंल. मी टाकू?"

गेनबा तिच्याकडे न बघता थप्पीकडे बघत राहिला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला. ढिगातून एक कांदा उचलला, तो कोंब आलेला होता म्हणून टाकला, दुसरा घेतला. एक बटाटा निवडला. दोन्ही तिच्या ओंजळीत ठेवले.

"आत जा. घाई करू नगंस."

"नाना, नियम तुम्हीच मोडला की!" विक्रम म्हणाला.

"खालचा थर कलता लागला व्हता. पुन्हा लावला."

मालनबाई बाहेर आली. तिच्यानंतर मी गेलो. मग एकेक जण उठायला लागला. अर्ध्याच्या वर टोळी जाऊन आली तेव्हा विक्रमही उठला. कांदा उंच धरून, सगळ्यांना दाखवत.

"बटाटाबी घे," गेनबा म्हणाला.

विक्रमने घेतला.

पोतं जमिनीवर ओतलं. कांदे जास्त होते. विक्रमच मुकादम राहिला. पण नुसते कांदे नव्हते, बटाटेही बरेच होते. मघाशी वर गेलेल्या हातांतूनच ते बटाटे आले होते. विक्रम बटाट्यांकडे बघायचा, मग आमच्या तोंडांकडे. कुठलं तोंड कुठल्या बटाट्याचं, ते त्याला कळेना. दुसऱ्या दिवसापासून हलकं काम पाळीने मिळायला लागलं. दिवाळीनंतर पाळी पुन्हा थोडी हलली, तेव्हा मालनबाईने मोठ्याने विचारलं, "दसरा लांब हाय का रं?" पाळी सरळ झाली.

"झाली लोकशाही?" शेठ मतमोजणीनंतर म्हणाले होते. "आता ती गाडी तेवढी खाली करा."

केली. विक्रमला सगळ्यांत आधी "मुकादम" म्हणून हाक गेनबाने मारली.

पुढे गेनबाने यार्ड सोडलं. बिबवेवाडीत लेकाच्या खोलीवर असतो. मीही आता घरी बसतो. परवा भेटायला गेलो, तेव्हा विचारलं, "तू काय टाकलं होतंस रे?"

त्याने माझ्याकडे कलत्या गोणीकडे बघावं तसं बघितलं.

"रस्सा खाल्ला न्हवं तू? मग झालं."