वरची खिडकी मी झाकली

सूरजची बातमी आली तेव्हा मी दुकानात एका रिटायर मास्तरांच्या एकसष्टीचा फ्लेक्स करत होतो. नागापूरला फ्लेक्स छापायच्या दुकानात मी डिझाईन करतो. मास्तरांच्या डोक्यावर थोडे केस टाका, असं त्यांच्या जावयाचं म्हणणं होतं, आणि मी केस टाकत होतो. फोन सूरजच्या शेजारच्या वहिनींचा. "अरे लवकर ये, सूरज बाथरूममधून बाहेर येईना, दार तोडायलेत." मला वाटलं चेष्टा आहे. असले फोन सूरज आणि मीच करायचो लोकांना. मी लगेच वहिनींच्याच आवाजात म्हणालो, "अगं बाई, मग मागून नळ बंद कर ना त्याचा!" फोन चालूच होता... आणि मग दार फुटल्याचा आवाज आला. मी मास्तरांचे केस अर्धे झालेले तसेच सेव्ह केले आणि निघालो. सेव्ह कशाला केले, माहीत नाही.

तो पाटावर बसलेला होता, भिंतीला टेकून. नळ चालू, भिंतीवरचा गॅस गिझर चालू, बादली भरून वाहत होती. दवाखान्यात नेला, पण डॉक्टरांनी लांबूनच बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, गिझरचा गॅस. संध्याकाळी त्याच्या कंपनीतली पोरं दुकानात आली, चौकात लावायला श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिजे म्हणून. माझ्याकडं त्याचा एकच मोठा फोटो होता, गॉगल घातलेला, ‘सूरज बड्डे फायनल फायनल’ नावाच्या फाईलमधला. गॉगल काढता येतो का बघितलं, नाही आला. तसाच लावला. अक्षर कुठलं घ्यायचं याचा मी दहा मिनिटं विचार केला. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही, हे सांगून टाकतो, कारण लोक भेटले की माझ्या डोळ्यात बघतात.

सूरज आणि मी पाचवीपासून एका बाकावर. मी सरांचे आवाज काढायचो आणि मार त्याला बसायचा. त्याचं कारण त्याचं हसणं उशिरा यायचं. जोक झाला की तो आधी नुसता बघायचा, आपल्याला वाटायचं याला कळलाच नाही... तीन-चार सेकंदांनी एकदम फुटायचा. तोपर्यंत सर वळलेले असायचे. मी तोंड खुपसून पुस्तकात, आणि हा एकटा हसतोय. मार खाऊन बसला की म्हणायचा, "पुन्हा काढ ना आवाज." पुढं तो एमआयडीसीत सीएनसी मशीनवर लागला, मी फ्लेक्सला. हळदीत, बारशात मी नकला करायचो तेव्हा पहिल्या रांगेत तो लागायचाच. तो नसला की मला नक्कल जमायची नाही. मी जोकर आणि तो माझं पब्लिक, एवढाच धंदा होता आमचा.

गिझर पावसाळ्यात घेतला. त्याची बहीण पल्लवी शिर्डीहून बाळंतपणाला येणार होती, म्हणून घरात कायम गरम पाणी पाहिजे. बसवायला निसारभाई आले. आमच्या भागातले निम्मे गिझर त्यांनीच बसवलेत. त्यांनी बाथरूम बघितलं, चार बाय सहाचं, आणि पान्हे पिशवीतून काढलेच नाहीत. "दादा, आत न्हाई लावत मी. बाहेर भिंतीला लावू, पाईप आत घेऊ." सूरजचे वडील, आम्ही त्यांना काका म्हणतो, ऐकेनात. बाहेर पाऊस लागतो, माकडं येतात, नवी वस्तू खराब होईल. अर्धा तास दोघांचं चाललं. शेवटी निसारभाई म्हणाले, "मग ऐका. गॅस जळायला हवा खातो. माणूस बी हवा खातो. खोली एक अन् खाणारे दोन. वरची खिडकी कायम उघडी पायजे, दाराला खाली जाळी पायजे. ती गार हवा आत घेती, ती वरची गरम धूर बाहेर सोडती. बाथरूमला नाक पायजे, नाक! अन् आधी बादली भरायची, गिझर बंद करायचा, मंग आंघोळीला बसायचं." मग त्यांनी स्वतः प्लास्टिकच्या दाराला खाली वीतभर कापून जाळी बसवली, आणि वरच्या तिरक्या काचांच्या पट्ट्यांतल्या दोन काढून सूरजच्या हातात दिल्या. "ह्या परत बसवायच्या न्हाईत."

ते गल्लीच्या टोकाला गेले नसतील तोवर मी त्यांची नक्कल सुरू केली. खांद्याला पिशवी, एक बोट वर, "नाक पायजे, नाक!" सूरज नुसता बघत राहिला आणि मग जो फुटला, तो बादलीवरच बसला. पुढं महिनाभर आमच्याकडं तेच. कुणी दार लावलं की नाक पायजे. चहाला बशी झाकली की नाक पायजे. काका, सूरजची आई शोभाकाकू, पल्लवी, सगळे हसायचे. गिझर कसा वापरायचा हे त्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं, माझ्या आवाजात.

आता जे सांगायचंय ते. दिवाळीच्या आसपास शेजारच्यांनी वर मजला चढवला आणि बाहेरून लोखंडी जिना काढला. त्या जिन्यावरून सरळ सूरजच्या बाथरूमची खिडकी दिसायची. घरात बाळंतीण, दिवसभर गवंडी जिन्यावर. सूरज म्हणाला काहीतरी लावू. माझ्याकडं त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पडून होता, मीच मस्करीत छापलेला, ‘भावी मुख्यमंत्री, सध्या सीएनसी ऑपरेटर’. आमच्याकडं जुना फ्लेक्स कुणी टाकून देत नाही. गोठ्याला लावतील, कांद्यावर टाकतील, टेम्पोत अंथरतील. मी तो मधोमध कापला, घडी घालून दुहेरी केला आणि बाहेरून शिडी लावून खिडकीवर ठोकला. चारी बाजूंनी खिळे. वारा शिरू नये म्हणून दाबून बसवला. खाली सूरज शिडी धरून उभा, आणि मी वरून एक बोट वर करून, "नाक पायजे, नाक!" तो हसला आणि शिडी हलली. मी म्हणालो, "मारतोस का मला?" म्हणाला, "तू मरत न्हाईस, तू लई चिवट हायस."

पल्लवी जानेवारीत सासरी गेली. फ्लेक्स राहिला. सगळे आंघोळ करत होते, काही होत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षातही नाही. त्या रविवारी काका आधी आंघोळ करून आले आणि डोकं धरून बसले, म्हणाले पित्त झालंय, चहा कर. त्यांच्या पाठोपाठ सूरज गेला. डॉक्टरांनी नंतर समजावलं ते एवढंच, की हवा कमी पडली तरी गिझर विझत नाही. जळत राहतो, आणि त्यातून जे निघतं त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही. माणूस सुस्तावतो. बसल्या जागी झोप आल्यासारखं होतं आणि उठायचं सुचत नाही.

तिसऱ्या दिवशी निसारभाई आले. तुटलेलं दार पोरांनी मागं कंपाऊंडला टेकवून ठेवलं होतं. ते आत जाऊन उभे राहिले, वर बघितलं. गॉगलमधला सूरज अर्धा, उलटा, खिडकीच्या पट्ट्यांतून दिसत होता. मग म्हणाले, "वरची बंद. पण खालून येत हुती ना हवा? खालून आली तर एवढं व्हायला न्हाई पायजे..." जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना माहीत नव्हतं खिळे कुणाचे आहेत. मी पण सांगितलं नाही. दहाव्याला सांगितलं नाही, तेराव्यालाही नाही. त्या घरी रोज जायचो, चहा प्यायचो आणि यायचो.

मग आमच्याकडच्या पेपरची पुरवणी बघणाऱ्या एका सरांचा निरोप आला, पुरवणीत सूरजवर लिही, तुझा दोस्त होता. बसलो. शाळा लिहिली, हसणं लिहिलं, मित्रांसाठी धावून जायचा वगैरे लिहिलं. वाचून बघितलं तर माझ्या फ्लेक्ससारखंच झालं होतं, केस टाकलेलं. फाडलं. खिडकीचं लिहायचं तर ते छापून यायच्या आधी काकूंना कळलं पाहिजे, आणि माझ्या तोंडून.

गेल्या गुरुवारी सकाळी गेलो. गिझर काढलेला आहे, भिंतीला चार भोकं राहिलीत. पाणी अंगणात चुलीवर तापतं. काका आंघोळीला गेले होते. नवीन दार लावलंय, पण कडी बसवलेली नाही. काकू बाथरूमच्या दाराशी पाटावर बसलेल्या, हात मांडीवर, काही निवडत नाहीत, विणत नाहीत. मी शेजारी टेकलो.

"काकू, एक सांगायचं हुतं."

"थांब."

आतून तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज आला. टण्.

"हं. बोल."

आता तिथं गॅस नाही, गिझर नाही, तरी काका मधूनमधून तांब्या वाजवतात. वाजवल्याशिवाय काकू आंघोळ करू देत नाहीत. मी पुन्हा सुरू केलं, "ते वर खिडकीला..." आणि पुन्हा "थांब." टण्. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आवाज आलाच नाही. काकू उठल्या, दारावर तळहात ठेवला. "अहो!" काही नाही. "अहो, ऐकलं का!"

"साबण गेलाय डोळ्यात," आतून काका म्हणाले, आणि दोनदा वाजवलं, टण् टण्. काकू खाली बसल्या.

मी एका दमात सांगून टाकलं. "काकू, वरची खिडकी मी झाकली. फ्लेक्स माझा, खिळे मी मारले. निसारभाईंची नक्कल करत करत मारले."

त्या दाराकडंच बघत होत्या. "खालची मी बुजवली," म्हणाल्या. "शनिवारी. जाळीतून उंदीर आलता. सूरजच्या जुन्या बनियनचा बोळा कोंबला, दाबून. म्हटलं, वर खिडकी हाय की... तुमी कायतरी लावलंय ते माहीत हुतं, पर बाया दिसू नयेत एवढंच, खालचं अर्धंच लावलं आसंल असं वाटलं. दार तोडलं तवा गर्दीत मीच काढून घेतला बोळा. कुनाला दावला न्हाई."

"मला बी तेच वाटलं, खाली जाळी हाय की," मी म्हणालो.

"व्हय."

मग त्यांनी विचारलं, "पेपरात लिव्हणार हायस ना तू?"

"तुमी म्हणाल तसं."

"लिव्ह. पोरगं लई गुणाचं हुतं, लई गुणाचं हुतं, नुसतं तेच नको लिव्हू. ते सगळेच लिव्हत्यात. खिडकी लिव्ह. माझं बी लिव्ह, बोळ्याचं. लोकांनी आपापली भोकं बघावीत एकदा."

मी मान हलवली. मागून कुणीतरी म्हणालं, "काय बघावं?" काका होते. कधी बाहेर आले कळलंच नाही, बनियन घालून, टॉवेलनं डोकं पुसत आमच्या मागं उभे होते. बाथरूमचं दार उघडंच होतं, आत बादली पालथी घातलेली. मी उठलो. काकू उठल्या नाहीत. त्यांनी मला हातानं खाली बस अशी खूण केली, आणि त्या रिकाम्या बाथरूमकडं तोंड करून, आतून तांब्या वाजायचा असल्यासारखा कान देऊन म्हणाल्या, "थांब."